माती ऑरगॅनिक आहे का?

एप्रिलच्या शेवटी पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, हिला महिनाभर तुमच्याकडे पाठवते आहे. पण टीव्हीसमोर बसवून ठेवू नका. काहीतरी टॅक्टाइल करू दे तिला."

टॅक्टाइल म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. नागपूरला आमच्या लहानपणी उन्हाळ्यात आई "काहीतरी कर" म्हणायची, तेव्हा गहू निवडायला बसायचं एवढाच त्याचा अर्थ असायचा. स्पर्शाचं शिक्षण भरपूर व्हायचं आणि फी लागायची नाही. लेकीनं मात्र पुढे स्पष्ट सांगितलं: पॉटरी. आणि प्रश्नांची यादी पाठवली. एका चाकामागे किती मुलं? ताईंचं प्रशिक्षण कुठलं? सर्टिफिकेट मिळेल का? शेवटचा प्रश्न होता, माती ऑरगॅनिक आहे का?

आम्ही राहतो रिसालीत. रिसाली आता भिलाईपासून वेगळी होऊन तिची स्वतःची महापालिका झाली आहे, पण हवेतला लोखंडाचा वास अजून एकत्र कुटुंबातच आहे. भिलाईत 'क्लास' हा शब्द उच्चारला की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "फिजिक्स की मॅथ्स?" अख्खं गाव पोरांना आयआयटीत धाडायला बसलेलं. आता तर आयआयटीच कंटाळून भिलाईत आली. शेजारच्या भाभींना मी पॉटरीचं सांगितलं तर त्या काळजीनं म्हणाल्या, "ये कौनसे एंट्रन्स में आता है?"

सुट्टीत पोरं खेळायला पाठवायची, हे इथे सगळ्यांना कळतं. पोलाद कारखान्याची उन्हाळी क्रीडा शिबिरं जुनी आहेत. पहाटे मैदानावर जा, घाम गाळा, घरी या. त्यात आईबापांना निवड करावी लागत नाही. माती मात्र निवडावी लागते.

पहिलं पाहिलं ते एका शाळेचं समर कॅम्प. दहा दिवस, बारा विषय: रोबोटिक्स, बिनागॅसचा स्वयंपाक, स्टेजवर बोलणं आणि मधेच कुठेतरी माती. मॅडमनी अभिमानानं चाक दाखवलं. चाक एक, मुलं बत्तीस, वेळ दोन तास. ह्यांनी तिथल्या तिथे हिशोब केला, "एका पोराला पावणेचार मिनिटं. त्यात हात धुण्याचा वेळ धरलेला नाही." मॅडम म्हणाल्या, "एक्स्पोजर मिळतं हो सर." मे महिन्यात भिलाईत पंचेचाळीस अंशाचं एक्स्पोजर सगळ्यांना फुकट मिळतं, असं मला म्हणायचं होतं, पण मी पडले निवृत्त शिक्षिका, दुसऱ्या शिक्षिकेला वर्गात टाकून बोलत नाही.

दुसरा होता वातानुकूलित स्टुडिओ. भिंती पांढऱ्या, एप्रन पांढरे, माती पिशवीतली, तीही पांढरी. ट्रायल क्लास घेतला. नात चाकावर बसली, ताईंनी मागून तिच्या हातांवर आपले हात ठेवले, आणि चाळीस मिनिटांत इतका देखणा पेला तयार झाला की मला शंकाच आली. फोटो काढला, तो लगेच पुण्याला गेला, तिकडून सात हृदयं आली. रिक्षात बसल्यावर नात हळूच म्हणाली, "आजी, तो ताईनं केला. मी फक्त हात दिले होते."

खरी परीक्षा घरी झाली. आमचे हे मरोद्याच्या रिफ्रॅक्टरी प्लांटमधून निवृत्त झाले. पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांना आतून ज्या विटा लावतात, त्या तिथे होतात. म्हणजे बत्तीस वर्षं ह्यांनी माती भाजण्याचंच काम केलं. फक्त त्याला कुणी छंद म्हटलं नाही. ह्यांनी पेला हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि त्यात पाणी ओतलं. संध्याकाळपर्यंत पेल्याचं बूड टेबलाला चिकटलं.

"हे न भाजता नुसतं वाळवलेलं आहे," हे नातीला समजावू लागले. "वाळल्यावर मातीतलं मोकळं पाणी जातं. पण मातीच्या कणात बांधलेलं पाणी असतं, ते पाचशे-सहाशे अंशांशिवाय हलत नाही. ते एकदा गेलं की माती परत कधी चिखल होत नाही." नात रडायच्या बेतात होती. तिला अंश नको होते, पेला हवा होता.

झोपताना तिची समजूत काढायला मी तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सांगितली. संत जमले होते. मुक्ताबाई म्हणाली, काका, यांतली मडकी पक्की किती, कच्ची किती, जरा बघा. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत निघाले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं. (तुडवलेल्या बाळाची गोष्ट मी गाळली. पुण्याला पोचली असती तर आमच्याकडची पुढची सुट्टी रद्द झाली असती.) सकाळी बघते तर नात पोळपाटावरचं लाटणं घेऊन ह्यांच्या टकलावर हलकेच ठोकते आहे, आणि हे पेपर वाचताहेत.

"आजोबा भाजलेले आहेत," तिनं जाहीर केलं.

"भट्टीपाशी होतो ना," हे पान उलटत म्हणाले.

मग ह्यांनीच तिसरा पर्याय काढला. दुर्गच्या पलीकडे शिवनाथ नदीच्या काठी थनौद आहे, मूर्तिकारांचं आणि कुंभारांचं गाव. भिलाई-दुर्गातलेच नव्हे, शेजारच्या राज्यांतलेही गणपती तिथून जातात. तिथे कुणी क्लास घेत नाही. ओळखीच्या ओळखीतून एका मावशींच्या अंगणात पोचलो. मी यादी काढली. सर्टिफिकेटचा विषय मी आपणहूनच गिळला. ऑरगॅनिकचं छत्तीसगढीत कसं विचारायचं ते कळेना, तेव्हा "माटी कइसे हे?" एवढंच विचारलं. मावशींनी मुठीत माती घेऊन माझ्या हातात दिली. बाई जसं "घ्या, चाखून बघा" म्हणून चटणी देते, तशी.

फीचं विचारलं तर त्या हसल्या. जेवढं मोडेल तेवढी माती परत मळून द्यायची, हीच फी. वर आम्ही काही द्यायचं ते आमच्या मनावर.

सकाळी सहाला पोचायचं, ऊन चढायच्या आत परत. पहिले तीन दिवस चाक नाहीच. भिजवलेली माती चाळायची, खडे काढायचे, राख मिसळायची, पायानं तुडवायची. टॅक्टाइल म्हणजे हेच असावं. नातीच्या वेणीपर्यंत पोचलं होतं. चाळीस वर्षं कणीक मळलेली बाई म्हणून मी पुढे सरसावले. मावशींनी माझा गोळा दोऱ्यानं मधोमध कापला आणि आतले हवेचे बुडबुडे, एक खडा आणि एक काडी मला दाखवली. माझ्या पोळ्या अशा कापून कुणी बघितल्या नाहीत, हे देवाचे उपकार.

चौथ्या दिवशी चाक. विजेवर चालणारं होतं. मातीचा गोळा बरोबर मध्यावर आणणं, एवढं एकच काम असतं. ते जमलं की बाकी सगळं जमतं आणि ते जमत नाही. गोळा तसूभर बाजूला असला की हात थरथरतात, भिंत एकीकडे जाड होते आणि भांडं उठून चालू लागतं. हे अर्थातच बसले. भिलाईच्या रेल्वेरुळांचा ह्यांना भारी अभिमान. 130 मीटरचा अखंड रूळ इथे निघतो, आणि हे तो स्वतः ओढून काढल्यासारखा सांगतात. 130 मीटर सरळ काढणाऱ्या गावच्या माणसाला चार बोटांचं गोल जमेना. मावशी म्हणाल्या, "धीरे-धीरे, कका. माटी कहूँ भागत नइ हे." पण ह्यांची माती भागली. सरळ माझ्या पदरावर.

नातीचं काय झालं? सुरुवात फुलदाणीनं झाली. भिंत बसली, मग तो पेला झाला. पेला फाकला, वाटी झाली. वाटी आणखी फाकली तेव्हा तिनं विचार करून सांगितलं, "ही पणती आहे." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण आमच्या पूर्वजांनी चाकाशेजारी बसूनच रचली असणार. मावशींनी तिच्या हाताला एकदाही हात लावला नाही. मोडलं की "नोनी, अउ एक घाँव" म्हणायच्या, म्हणजे आणखी एकदा. ते इतक्यांदा म्हणाल्या की नातीला छत्तीसगढी आली.

इकडच्या पोरांना ही माती नवीन नाही, हे मला तिथे बसल्यावर आठवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात आम्ही तान्हा पोळा करायचो, लाकडी बैल घेऊन घरोघर. इथे पोळ्याच्या अमावस्येलाच मातीचा नंदिया बैल येतो, आणि पोरींसाठी जाता-पोरा, मातीचं जातं नि चूल-भांडी. आपलं पंचांग त्या दिवशी श्रावण म्हणतं, इथलं भादो; बैलाला काही फरक पडत नाही.

भांडी सावलीत वाळवली. नवतप्याच्या लूमध्ये ठेवली असती तर एका बाजूनं आवळून तडकली असती. मग गोवऱ्या, पेंढा, लाकूड रचून आवा लागला. ह्यांनी तापमान विचारलं. मावशी म्हणाल्या, "रंग देखथन." रंग बघतो. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्याकडचे जुने लोकसुद्धा पायरोमीटरवर विश्वास ठेवायचे नाहीत, निळी काच डोळ्याला लावून रंग बघायचे.

आवा उघडला. नातीची पणती शाबूत, लाल, ठोकली तर टणटण वाजणारी. माझं मडकं फुटलेलं. आतली हवा फुटली, असं मी म्हटलं तर हे आनंदानं लालेलाल झाले. "हवा नव्हे, वाफ! बूड जाड ठेवलंस, आत ओल राहिली!" निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ह्यांना एक अपघात तपासायला मिळाला होता. तुकडे ओट्यावर ओळीनं मांडून व्हर्नियर लावून बसले.

जूनमध्ये नात आझाद हिंद एक्स्प्रेसनं गेली, पणती मांडीवर घेऊन. दुसऱ्या रात्री फोन आला. मागून लेकीचा आवाज ऐकू येत होता, सर्टिफिकेट कुठे आहे म्हणून. नात कुजबुजत होती.

"आजी, मी आईच्या डोक्यावर लाटणं वाजवून बघितलं."

"मग?"

"रागावली. अजून कच्ची आहे."