कॅमेऱ्याची मर्जी

२००८च्या अखेरीस कॅननचा ‘फाइव्ह डी मार्क टू’ आला आणि अंधारात व्हिडिओ काढू पाहणाऱ्यांचे भाग्य उजळले. फुल फ्रेम सेन्सर, फुल एचडी चित्र! अट एकच, अगदी किरकोळ: व्हिडिओ चालू असताना ॲपर्चर, शटर आणि आयएसओ यांत मालकाने नाक खुपसायचे नाही. ते कॅमेरा बघून घेईल.

आणि कॅमेरा बघायचाच. समईच्या उजेडातला चेहरा दिसला की त्याला दया यायची. आयएसओ चढवून तो सगळ्या सावल्यांचा करडा रवा करून टाकायचा. मागे कुणी दिवा लावला की तोच चेहरा काळाठिक्कर.

मालकही इरसाल. कुणी कॅननच्या अंगावर ॲडॉप्टर लावून निकॉनच्या जुन्या लेन्स चढवल्या, कारण त्यांचे ॲपर्चर हाताने फिरवता येते. कुणी हवे ते ॲपर्चर मिळताच लेन्स किंचित फिरवून तिचा विजेचा संपर्कच तोडला. नव्याकोऱ्या कॅमेऱ्याला वठणीवर आणायचे, तर आधी त्याची लेन्स सैल करायची!

अखेर जून २००९मध्ये फर्मवेअर आले आणि मालकाला मालकी मिळाली. म्हणजे जबाबदारीही. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. शटर १/५०ऐवजी १/६०वर राहिले, तर पडद्यावर उजेड थरथरणार आणि आता दोष कॅमेऱ्याला देता येणार नाही.

म्हणून लोक फोनकडे वळले. तो मध्यरात्रीची दुपार करतो, विचारत काही नाही, आणि त्याची लेन्स सैलही होत नाही.