भातसा प्रीमियम

शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला सगळं फुकट लागतं, असा शोध मुंबईच्या गार कचेऱ्यांमध्ये लागला आहे. रेशन फुकट, पंच्याहत्तरी गाठली की एसटी फुकट, आता म्हणे क्रिकेटचा सामनाही फुकट हवा! असं म्हणणारी मंडळी सामना बघतात ती वानखेडेवर, कुणीतरी पाठवलेल्या पासावर, पंख्याखाली सामोसे खात. त्याला मात्र फुकट म्हणत नाहीत. त्याला निमंत्रण म्हणतात.

शहापूरकडच्या आमच्या सापगावच्या माणसानं सामना फुकट बघितलाय कधी? गावात जेव्हा मोजकेच टीव्ही होते तेव्हा ज्याच्या ओटीवर बसून सामना बघितला त्याच्या शेतावर लावणीला एक दिवस जास्त वाकावं लागे, आणि त्याच्या सुनेला झोप आली की दुसरा डाव संपे. भारतीय क्रिकेटमध्ये खरी समता एकदाच नांदली, १८ जून १९८३ रोजी. टनब्रिज वेल्सला कपिलदेवनं झिंबाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा ठोकल्या आणि तिथे कॅमेराच नव्हता. मलबार हिललाही दिसल्या नाहीत, सापगावलाही नाहीत. त्यानंतर मात्र कुणाला किती दिसावं याचा हिशेब सुरू झाला.

१९९३ साली हीरो कप आला. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले, दूरदर्शन रुसलं आणि भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा हव्या असताना सचिननं तीनच दिल्या आणि प्रकरण सहा चेंडूंत मिटवलं. न्यायालयाचा निकाल यायला १९९५ चा फेब्रुवारी उजाडला. आपल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंतांच्या खंडपीठानं सांगितलं की, आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. वाचून ऊर भरून येतो. सातबाऱ्यावर आपलं नाव राहिलंय की नाही ते तलाठ्यालाच ठाऊक, पण आकाशात आपला हिस्सा पक्का! फक्त लहरी सार्वजनिक आणि त्यावरून येणारा सामना खासगी, एवढंच. गायरान गावाचं, चरणारी म्हैस पाटलाची.

म्हशीचं थोडं दूध गावालाही मिळावं म्हणून २००७ साली कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र हक्कदार वाहिनीनं प्रसार भारतीला द्यायचं, त्यावरच्या जाहिरातीच्या रुपयातले बारा आणे वाहिनीनं घ्यायचे, चार आणे प्रसार भारतीनं. इथपर्यंत ठीक होतं. मग २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं खुलासा केला की, हे फुकटचं चित्र दूरदर्शननं आपल्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरून दाखवावं, केबलवरून नाही. म्हणजे केबलवाल्यानं दूरदर्शन दाखवणं सक्तीचं, आणि त्या दूरदर्शनवर सामना दिसणं मना! असली गुगली वॉर्नलाही जमली नसती.

त्यानंतरचे संवाद सापगावात घरोघरी झाले असणार. आबा केबलवर दूरदर्शन लावतात, पडद्यावर पाटी येते की हा सामना इथे दिसणार नाही.

‘‘अरे, फुकटचं चॅनल ना हे?’’

‘‘आबा, तो सामना गरिबांसाठी आहे. आपल्याकडे केबल आहे. आपण गरीब नाही.’’

‘‘मग आपण कोण?’’

‘‘आपण ग्राहक.’’

आबांना बढती झाल्याचं त्या दिवशी कळलं. राहता राहिली फ्री डिश. छत्री एकदा विकत घ्यायची, कौलांवर आग्नेयेकडे तोंड करून बसवायची, महिन्याचं भाडं नाही. उत्तम सोय आहे. फक्त आषाढात आभाळ भरून आलं की चित्राचे चौकोन पडतात. सामना इंग्लंडमध्ये, तिथे लख्ख ऊन, आणि पावसामुळे खेळ थांबतो तो शहापुरात.

मग दानशूरांचं युग आलं. जून २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. टीव्हीचे एकानं घेतले, मोबाइलचे दुसऱ्यानं, आणि दुसऱ्यानं २०२३ ची अख्खी आयपीएल जिओसिनेमावर फुकट दाखवली. ते बघून पहिल्याच्या हॉटस्टारनं त्याच वर्षीचा विश्वचषक मोबाइलवर फुकट केला. हजारो कोटींना घेतलेली वस्तू कुणी आपल्या पोराला फुकट देऊ लागला की आजीला लगेच संशय येतो. पोराला येत नाही. पोरगा म्हणाला, ‘‘आजी, आता जग बदललं.’’

जग बदललंच. जुलै २०२४ मध्ये जिओचं अठ्ठावीस दिवसांचं २३९ चं रिचार्ज २९९ चं झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही दानशूरांचा संसार एक झाला, त्याचं नाव जिओहॉटस्टार, आणि तीन महिन्यांचा स्वस्तातला दर १४९ रुपये. भांडत होते तोवर दोघंही वाढत होते, लग्न लागल्याबरोबर पंगत उठली. मधल्या काळात सामन्याची किंमत पोरांनी वेगळ्या वाटेनं चुकती केलीच होती म्हणा. दर षटकाला कुणीतरी नामवंत खेळाडू पैशांच्या खेळाच्या जाहिरातीत येऊन ‘टीम लावा’ सांगे, आणि शेवटी एक गृहस्थ ‘यात आर्थिक जोखीम आहे, जबाबदारीनं खेळा’ हे वाक्य बुमराहच्या वेगानं टाकून पळून जाई. ४९-४९ रुपये करत कितीजणांचं भात खाचरातच विकलं गेलं असेल! सरकारनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून ते पैशांचे खेळ बंद केले. बुडालेले पैसे अर्थातच फुकट गेले.

आणि पैसे भरून दिसतं काय? भूतकाळ. शेजारच्या आळीत छत्रीवाल्यांकडे ‘आऊट’ म्हणून बोंब उठते तेव्हा मोबाइलवर गोलंदाज अजून रन-अपच्या टोकाला शर्टाला चेंडू पुसत उभा असतो. फुकट्याला निकाल आधी, पैसेवाल्याला नंतर.

सापगावकरांची मात्र तक्रार नाही. हा धंदा बघून बघून आम्हीही शिकलो आहोत, आणि विकायला माल आमच्या दारातूनच वाहतो. भातसा धरणाचं पाणी नदीनं खाली येतं, सापगावावरून जातं, पिसे इथे उचललं जातं आणि मुंबई ते पिते. मुंबईच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं हेच. त्यातलंच थोडं वानखेडेच्या हिरवळीवरही पडत असणार. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, मोडकसागर अशी धरणं, आणि चैत्र लागला की पाड्यांवर टँकर. धरण उशाला, कोरड घशाला. या पाण्याचे प्रक्षेपण हक्क आम्हाला कधी कुणी विचारले नव्हते. तेव्हा येत्या मोसमापासून ‘भातसा प्रीमियम’ सुरू करावं, असा आमचा प्रस्ताव आहे.

पहिली चार मिनिटं पाणी सगळ्यांना फुकट. तेवढ्यात माणूस अंगाला साबण लावून मोकळा होतो. मग नळ थांबेल आणि मोरीतल्या पडद्यावर पाटी येईल: ‘पुढील तांब्यासाठी योजना निवडा.’ स्वस्त योजनेत एका वेळी एकच बादली, टाकीत साठवायला बंदी. महागडी घेतली तर पाणी जाहिरातींविना. बाकीच्यांना दर तांब्यामागे किन्हवलीच्या भाजीची आणि म्हशाच्या जत्रेची जाहिरात ऐकावी लागेल. शेजारणीला कळशीभर दिलीत तर खातं बंद. मात्र आम्ही कायदा पाळणारी माणसं आहोत. दिवाळीची पहिली आंघोळ राष्ट्रीय महत्त्वाची मानून ती सर्वांना मोफत. नळाला येणार नाही, एवढंच.

ग्राहक सेवेला आमचाच पोरगा बसेल. नरकचतुर्दशीला पहाटे वरळीहून फोन येईल, अंगाला उटणं, डोळ्यांत साबण, आवाज कळवळलेला.

‘‘अहो दादा, आजची आंघोळ फुकट आहे ना? पाणी का येत नाही?’’

‘‘फुकटच आहे ताई. घंगाळ गच्चीवर ठेवलंत का?’’

‘‘ठेवलंय हो, केव्हाचं!’’

‘‘तोंड आग्नेयेकडे आहे ना? थोडं डावीकडे घ्या. अजून थोडं. आलं का?’’