लॅबवाले काका

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड. कॉलेज कुठलंही घ्या, संगणकाच्या लॅबच्या दाराशी हे गृहस्थ बसलेले असणारच. मस्टरवर हुद्दा ‘लॅब असिस्टंट’, पोरांच्या तोंडी ‘काका’. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खिशात टेस्टर, पाठीमागे भिंतीवर एमएस-सीआयटी नवं नवं होतं तेव्हाचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. संगणकापासून विद्यार्थ्याला काय काय त्रास होतो यावर लोक व्याख्यानं देतात. काकांच्या हिशेबी धोका असलाच तर तो संगणकाला, आणि तोही विद्यार्थ्यापासून.

चपला बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, छत्री तर जिन्यातच. जुलैत अकरावीची पोरं लोकलमधून निथळत येतात. काका त्यांना आधी पॅसेजमधल्या पंख्याखाली वाळवतात, मग आत सोडतात. “ओल्या हाताने स्विच लावलास तर यूपीएस जाईल माझा!” पोरगं जाईल की राहील, ते पुढचं पुढे. पण या धाकातलं निम्मं पोरांच्याच पथ्यावर पडतं. पडदे ते सीपीयूला ऊन लागू नये म्हणून ओढतात, अन् आपसूक स्क्रीनवरची चकाकी जाते.

विजेच्या बाबतीत मात्र माणूस अस्सल. नव्या पोराच्या हातात ते पहिल्या दिवशी माउस देत नाहीत, थ्री-पिन प्लग देतात. “वरची पिन लांब का?” पोरगं गप्प. “अर्थिंग आधी जोडलं जावं आणि सुटताना शेवटी सुटावं म्हणून. २३० व्होल्ट आहेत बाळा, गंमत नाही.” एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडलेलं दिसलं की विभागप्रमुखांचाही मुलाहिजा नाही. टेबलाखालच्या वायरींचे झुपके त्यांनी राखीपौर्णिमेनंतर जमवलेल्या राख्यांनी बांधलेत. कोपऱ्यातल्या मशीनखाली अजून एक छोटा भीम लॅन केबल धरून बसला आहे. दसऱ्याला प्रत्येक मॉनिटरला झेंडूची माळ, सीपीयूला हळदकुंकू. नारळ मात्र दाराबाहेर फुटतो. पाणी उडतं ना.

खुर्च्यांचा अध्याय वेगळा. खाली-वर होणाऱ्या, चाकांच्या खुर्च्या आल्या त्या नॅकची कमिटी येणार म्हणून. कमिटी गेली, खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक राहिलं. उंचीचा खटका वापरायला सक्त मनाई: “तुटला तर तुझा बाप भरून देणार?” त्यामुळे चणीने लहान मुलीचे पाय अधांतरी, ताडमाड पोराची मान कीबोर्डात. वर्षानुवर्षं असंच चाललं.

मग काकांच्याच मानेला पट्टा लागला. जन्मभर जमिनीवर उकिडवं बसून मशीनं उघडली, वाकून रजिस्टरं लिहिली, दुसरं काय होणार? हाडांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते काकांनी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आपलाच शोध असल्याच्या थाटात जाहीर केलं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, कोपर काटकोनात, तळवे टेकलेले. जुनी जर्नलं मॉनिटरखाली गेली, भंगारात निघालेली कॅबिनेटं पायांखाली आली. खटक्यावरची बंदी उठली. प्लॅस्टिक तेवढं निघालं नाही. माणूस एकदम किती बदलणार?

आता त्यांचा ताजा नाद म्हणजे वीस-वीस-वीस. दर वीस मिनिटांनी, वीस सेकंद, वीस फूट लांब बघायचं. स्क्रीनकडे टक लावली की पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, हे शास्त्र पक्कं. अडचण वीस फुटांची. लॅब तेवढी लांब नाही, आणि पडदा सारला तर रिडेव्हलपमेंटमध्ये उठलेल्या टॉवरची भिंत आठ फुटांवर. पण काका हार मानणारे नव्हेत. त्यांनी टेप लावून पॅसेज मोजला. बरोबर वीस फुटांवर आग विझवायचं लाल सिलिंडर टांगलेलं सापडलं. तेव्हापासून दार उघडं असतं, आणि काकांनी डस्टर आपटलं की अख्खी बॅच कोड सोडून सिलिंडरकडे बघते.

परवा एका पोरीने हात वर केला. “काका, त्या सिलिंडरची रिफिलची तारीख उलटून गेलीय.”

“इथून वाचलंस?”

“हो.”

“म्हणजे डोळे शाबूत आहेत. बस खाली.”