पिनकोड भरला, आता लँडमार्क सांगा

गोव्यात ‘मी केरीचा’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : कुठलं केरी? विजयादुर्गेचं केरी फोंड्यात, अंजुणे धरणाजवळचं सत्तरीत आणि तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथलं आमचं पेडण्यात. एवढ्याशा राज्यात एकाच नावाची तीन गावं ठेवणाऱ्या पूर्वजांना पार्सल मागवायचं व्यसन नसावं.

हा घोळ निस्तरला तो एका मराठी माणसानं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले बडे अधिकारी आणि वर संस्कृतचे कवी. त्यांची सहा आकडी पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी देशभर सुरू झाली. 403 म्हटलं की गोवा, पुढचे तीन आकडे पोस्टाचे. हरमलच्या पंगतीत बसून आम्हाला 403524 मिळाला. बाकी दोन्ही केरींचे आकडे निराळे. भांडण मिटलं. निदान पोस्टातलं तरी.

कुरियरवाल्यांचं वेगळं. माझं भिंतीवरचं घड्याळ सत्तरी पाहून आलं. खोक्यावर 403524 ठसठशीत छापलेलं. पोरगा म्हणाला, “आकडा कोण बघतो अंकल? मॅपवर केरी टाकलं, पहिलं आलं तिथे गेलो.” आणि हाच पिनकोड भरल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकत नाही, लाल अक्षरांत डोळे वटारते! भरला की विचारणार, लँडमार्क? आम्ही लिहितो, ‘आजोबाच्या देवळाजवळ’. मग फोन येतो, “अंकल, आपके दादाजी का घर किधर है?”

नदीपलीकडच्या तेरेखोल किल्ल्याची तर मजाच. तो गोव्यात, त्याचा पिनकोडही आमचाच; शेजारचं रेडी मात्र महाराष्ट्रात, त्याचा आकडा 416नं सुरू होणार. ॲपला दोन्ही काठांवर 403524 दिसतो, मधलं पाणी दिसत नाही. फेरीबोट बंद असली तर किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्याला, म्हणजे महाराष्ट्रात शिरायचं आणि तिथून वळसा घालून पुन्हा गोव्यात. तोवर मोबाइल आपला सांगतोय, ‘तुमचं पार्सल अगदी जवळ आलं आहे’.

यावर उतारा म्हणून 2025 साली टपाल खात्यानं आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या मदतीनं ‘डिजिपिन’ काढला. चार मीटर लांब, चार मीटर रुंद अशा देशातल्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र कोड. म्हणजे तुळशीचा वेगळा, पडवीचा वेगळा, बावीचा वेगळा. आमची भावकी खूश आहे. इतकी वर्षं भांडण बांधावरून होतं, आता ‘माझ्या कोडात तुझा माड कसा?’ म्हणून कोर्टात जाता येईल.

दर पावसाळ्यात समुद्र आमच्या किनाऱ्याचा लचका तोडतो, सुरूची झाडं आडवी होतात. त्या चौकोनांचे कोड मात्र शाबूत. तिथून कुणी बिर्याणी मागवलीच, तर पोरगा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून विचारील, “अंकल, लँडमार्क?”