जुन्या टेबलाचा शास्त्रोक्त गृहप्रवेश

दर्शनी टेबल म्हणजे दारातून आत पाऊल टाकताच भिंतीला चिकटून उभं दिसणारं, हातभर रुंदीचं, जेवायला, लिहायला किंवा इस्त्री करायला यांपैकी कशाच्याही उपयोगी न पडणारं टेबल. दुकानदार त्याला कन्सोल म्हणतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांत या वस्तूचं काही काम नव्हतं. आत शिरलं की ओसरी, ओसरीवर गादी आणि लोड, सावकाराचं घर असेल तर गादीपुढे मुनीमजींचं उतरत्या फळीचं बसकं डेस्क. पागोटं खुंटीला, चाव्या घरच्या बाईच्या कमरेला, छत्री कोपऱ्यात. टेबलावर ठेवायला काही शिल्लकच राहत नसे. तेव्हा पूर्वजांकडे कधी नसलेली वस्तू शंभर वर्षं जुनी मिळवून आपल्या फ्लॅटमध्ये आणणं, असं हे व्रत आहे. ते घेणाऱ्याला आपण नाशिकच्या रिवाजाप्रमाणे यजमान म्हणू.

यजमानाने आधी जागा मोजावी. गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो की पाथर्डी फाटा, दारामागची जागा बिल्डरने चपलांच्या रॅकसाठी सोडलेली असते, आणि तीही नाइलाजाने. टेबल पंधरा इंचांहून जास्त पुढे आलं तर गॅसचं सिलिंडर आत नेताना कोपरा लागतो, आणि सिलिंडरवाल्याला कोरीव कामात रस नसतो. लिफ्टही मोजावी. हे काम टेबल आणल्यावर करणारेच बहुसंख्य आहेत, पण शास्त्र आधी करा असं सांगतं.

मुहूर्ताबाबत मात्र माझं मत प्रचलित मताच्या विरुद्ध आहे. टेबल पितृपक्षात घ्यावं. त्या पंधरवड्यात गोदाकाठी उभं राहायला जागा नसते आणि फर्निचरवाल्याकडे बसायला गिऱ्हाईक नसतं. नवी खरेदी करायची नाही म्हणून सगळे थांबलेले असतात. आता शंभर वर्षांच्या टेबलाला नवी खरेदी म्हणायचं का, हा खरा धर्मशास्त्रीय प्रश्न आहे. दुकानदार शपथेवर सांगतो की टेबल आजोबा-पणजोबांच्या काळातलं आहे. मग ते पितरांपैकीच झालं, आणि पितरांना पितृपक्षात घरी आणायला कोणाची हरकत असेल? हा युक्तिवाद सासूबाईंपुढे टिकत नाही, पण दुकानदारापुढे टिकतो, आणि दुकानात तेवढं पुरतं.

जायचं कुठे? जुन्या नाशकात माल तयार होतो तो असा. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. मालक नोटीस भाडेकरूला दाखवतो, भाडेकरू कोर्टाचा कागद मालकाला दाखवतो, आणि वाडा दोघांकडे पाहत आणखी एक पावसाळा काढतो. टेबलाच्या वयापेक्षा या दाव्याचं वय काढणं सोपं, त्यावर तारीख तरी असते. पुढे कधीतरी तडजोड होते आणि खांब, तुळया, हस्त, कडीपाट, दारांच्या चौकटी टेम्पोत चढतात. यातल्या बऱ्याच लाकडाची टेबलं होतात. तुळईचा पृष्ठभाग, खांबाचे पाय. मी एका ठिकाणी उंबरठ्याचं केलेलं टेबल पाहिलं. मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालेली ती फळी. जिच्यावर उभं राहू नये, शिंकू नये असं लहानपणी सांगितलेलं, तिच्यावर हेल्मेट ठेवायची सोय केली होती. हे टेबल खोटं म्हणता येत नाही. लाकूड शंभर टक्के जुनं, टेबल शंभर टक्के नवं. विक्रेता फक्त पहिलं वाक्य बोलतो.

दुसरं क्षेत्र देवळाली कॅम्प. तिथे ब्रिटिशांची छावणी होती, मुंबईच्या पारशी-गुजराती कुटुंबांचे हवापालटाचे बंगले होते, त्यामुळे टोप्या अडकवायचा आरशाचा स्टँड, संगमरवरी पृष्ठभागाचं टेबल, लांब हातांची आरामखुर्ची अशा वस्तू तिकडून निघतात. खरंखुरं दर्शनी टेबल सापडलंच तर याच वाटेने सापडेल. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ च्या जानेवारीत उठवला. पण भंगार आणि हौस ही दोन्ही कुठे ना कुठे पुन्हा जमतातच. गोदाकाठचा बुधवारचा बाजार मेथी-कांद्यासाठी उत्तम, टेबलासाठी नव्हे. मुंबईला चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरीचं ओशिवरा आहेच. तिथे जाण्याआधी एवढं लक्षात घ्यावं की नाशिकचं टेबल कसारा घाट उतरून तिथे पोचलेलं असू शकतं, आणि तोच घाट चढून परत येताना त्याची किंमत चढणीच्या हिशेबाने वाढते.

ज्यांना कहाणी नको, नुसतं भक्कम लाकूड हवं, त्यांनी नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात कैद्यांनी बनवलेलं फर्निचर पाहावं. तिथल्या कारागिराला घाई नसते.

परंतु यजमानाला कहाणीच हवी असते, आणि इथे आपण विधीच्या मुख्य भागाशी आलो. नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या नामावळीच्या वह्या सांभाळून आहेत. गाव आणि आडनाव सांगा, गुरुजी लांबट वही काढतात आणि तुमचे खापरपणजोबा कोणत्या साली, कोणाला घेऊन यात्रेला आले होते ते वाचून दाखवतात, कधी खाली त्यांची मोडीतली सही असते. माणसांच्या वंशावळीबाबत एवढं चोख असलेलं हे गाव टेबलाच्या वंशावळीबाबत मात्र दुकानदाराच्या तोंडावर विसंबतं. तीन घराणी ठरलेली आहेत. टेबल कोरीव असेल तर ते पेशव्यांच्या सरदाराचं. साधं असेल तर देवळालीच्या गोऱ्या साहेबाचं. मोडकं असेल तर संस्थानिकाचं, कारण त्यांच्याकडे पुढे पैसे राहिले नाहीत. गिऱ्हाईक कोणत्या कहाणीला मान हलवतं ते पाहून टेबल घराणं बदलतं. यजमानाने तिन्ही ऐकून घ्याव्यात, चहा घ्यावा, आणि मग शांतपणे म्हणावं, “भाऊ, जरा उलटं करा ना.”

टेबल उलटं करणं हा या शास्त्राचा गाभा आहे. वरची बाजू गिऱ्हाइकासाठी बनवलेली असते, खालची सुतारासाठी. साहित्य: टॉर्च, मोजपट्टी, एक टाचणी, थोडं स्पिरिट, कापूस, आणि शक्य असेल तर ओळखीचे मिस्त्री. मिस्त्री नसतील तर ज्यांना सगळं कळतं असे काका नेऊ नयेत. ते दुकानदाराशीच गप्पा मारत बसतात आणि दोघांचं एकच गाव निघतं.

पहिल्यांदा स्क्रू पाहावेत. डोक्यावर अधिकचं चिन्ह असलेला स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात बाजारात आला. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. तेव्हा सरदाराच्या टेबलाला असा स्क्रू निघाला तर एकतर सरदार फार दूरदृष्टीचा होता, किंवा पाय परवा बसवला आहे. सरळ खाचेचा स्क्रू बरा, हाताने घडवलेला चौकोनी खिळा त्याहून बरा, आणि स्क्रू-खिळ्याशिवाय नुसत्या कुसवावर बसलेला सांधा सगळ्यांत उत्तम. मग ड्रॉवर पूर्ण बाहेर काढावा. कोपऱ्यातल्या डव्हटेलचे दात हातचे असतील तर एकसारखे नसतात; एक रुंद, एक अरुंद, कुठे सुताराने ओढलेली रेघ अजून शाबूत. आतल्या फळीवर करवतीच्या सरळ रेघा असतील तर हात जोडावेत. कमानीसारख्या गोलाकार असतील तर ती चक्राच्या करवतीची, म्हणजे यंत्राची खूण. ड्रॉवरच्या तळाला प्लायवूड निघालं तर दुकानदार म्हणतो, तेवढं बदललंय. हे “तेवढं” किती, ते दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर टकटक करून ठरवावं.

यानंतर भोकं. जुन्या लाकडाला कीड लागलेली असते हे गिऱ्हाइकांना कळल्यापासून कीड पुरवण्याचीही सोय झाली आहे. भोकात टाचणी घालावी. किडा वाकडातिकडा जातो, त्यामुळे टाचणी अडते. ड्रिल सरळ जातं, टाचणीही सरळ जाते. भोकाखाली पिठासारखा ताजा भुसा पडलेला असेल तर मात्र भोकं नक्की अस्सल आणि कीड नक्की जिवंत; असं टेबल खुशाल दुसऱ्याला सुचवावं.

आतल्या कोपऱ्यात, जिथे पॉलिश पोचलेलं नसतं, नखाने खरवडून वास घ्यावा. सागाला जुन्या चामड्यासारखा तेलकट वास येतो. रंगवलेल्या आंब्याच्या लाकडाला फक्त रंगाचा. स्पिरिटात भिजवलेला कापूस पायाच्या मागच्या बाजूला टेकवावा. चपड्याचं जुनं पॉलिश असेल तर चिकट होऊन कापसाला लागतं, आजचं पीयू किंवा मेलामाईन ढिम्म हलत नाही. गोल टेबल असेल तर दोन्ही बाजूंनी मोजावं. लाकूड आखडतं ते रेषांच्या आडव्या दिशेला, त्यामुळे खूप जुनं गोल टेबल किंचित लंबगोल झालेलं असतं. अगदी काटेकोर गोल भरलं तर त्याचं बारसं नुकतंच जोधपूरला झालं असं समजावं. तिकडच्या कारखान्यांत जुनं फर्निचर रोज नव्याने तयार होतं.

नाशिकपुरती एक खास परीक्षा आहे. पायांवरचा डाग दाखवून विक्रेता सांगतो, “हे एकोणसत्तरच्या महापुराचं पाणी आहे.” इथे भावुक होऊ नये. पूर मोजायला नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे, टेबल नव्हे. पुराच्या पाण्याची रेघ चारही पायांवर एकाच उंचीला उमटते. चहाच्या पाण्याने घरी काढलेली रेघ एखाद्या पायावर अर्धा इंच घसरते. आणि रेघ खरी निघाली तरी गोदावरी २००८ ला आली होती, २०१६ ला आली होती, २०१९ लाही आली होती. टेबलाने पूर पाहिला एवढंच सिद्ध होतं, कोणता ते नाही.

शेवटी तळाच्या फळीवर टॉर्च फिरवावा. पांढऱ्या रंगात एखाद्या सरकारी खात्याची आद्याक्षरं आणि जडवस्तू नोंदवहीतला क्रमांक सापडला, तर टेबल सरकारी लिलावातून आलेलं आहे. निराश होऊ नये. ही एकच लिखित वंशावळ तुम्हाला मिळणार आहे, आणि त्या काळी सरकार सागवान वापरत असे.

घासाघीस करताना कायद्याचा आधार घ्यावा. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोलाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. या माहितीचा उपयोग असा होतो.

“दादा, दीडशे वर्षांचा पीस आहे. हात लावून बघा.”

“मग पुरातत्त्वचं लायसन्स असेल ना तुमच्याकडे?”

“तसं दीडशे म्हणजे... साठ-सत्तर धरा.”

एका वाक्यात टेबल ऐंशी-नव्वद वर्षांनी तरुण होतं. किंमतही त्याच प्रमाणात खाली आणावी, हे आग्रहाने सांगावं लागतं, कारण ती आपणहून येत नाही. न्यू जर्सीच्या भाच्याला शिसवी टेबल पाठवण्याचा बेत असेल तर तो इथेच सोडावा. शंभरच्या वरचं असेल तर हा कायदा आडवा येतो. खालचं असेल तर २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आहेत. भाच्याला फोटो पाठवावा.

टेबल घरी आल्यावर त्यावर काय ठेवावं याला शास्त्र नाही. पहिल्या आठवड्यात पितळी घंगाळं आणि त्यात पाण्यावर फुलं असतात. मग चाव्या, वीजबिल, दुधाची कूपनं, कुरिअर, रेनकोट. महिन्याभरात घंगाळं दिसेनासं होतं आणि टेबलाला शंभर वर्षांत मिळालं नव्हतं ते काम मिळतं. लाकडाला नारळाचं तेल लावू नये, खवट वास येतो आणि मुंग्या येतात. मेण लावावं, तेही वर्षातून एखाद्या वेळी.

खरी कसोटी पाहुण्यांची असते. ते टेबलावरून हात फिरवून विचारतात, “कुठलं हो हे?” दुकान सांगू नये, किंमत तर नाहीच. “आमच्या वाड्यातलं” एवढंच म्हणावं आणि पाण्याचा पेला पुढे करावा. पाहुणे पंचवटीतले जुने असतील आणि तुमचे आजोबा दोन खोल्यांत भाड्याने राहत होते हे त्यांना ठाऊक असेल, तर “आजोळच्या वाड्यातलं” म्हणावं. मात्र मामांना आदल्या दिवशीच फोन करून त्यांचा वाडा होता हे कळवून ठेवावं. बहुतेक मामा आढेवेढे न घेता तयार होतात. फक्त ते टेबल वाटणीत कोणाच्या हिश्शाला आलं होतं, एवढं मात्र विचारतात.