कंसातला उद्या

इंग्रजीला भविष्यकाळच नाही, असं मी वर्गात सांगत नाही. लोक फी परत मागतील. पण हडलस्टन आणि पुलम या व्याकरणकारांचं म्हणणं तेच आहे, आणि २००२ साली निघालेला त्यांचा केंब्रिजचा व्याकरणग्रंथ इतका जाड आहे की वाद घालायचा तर आधी तो उचलावा लागतो. इंग्रजी क्रियापद स्वतःचं रूप बदलून भूतकाळात जातं, 'वॉक'चं 'वॉक्ड' होतं; उद्यात जायला मात्र त्याच्यापाशी आपल्या 'करीन, करशील, करील'सारखं घरचं काही नाही. मग उसनवारी. 'विल' आणा, 'गोइंग टू' आणा, काहीच मिळालं नाही तर वर्तमानकाळ वापरा. आणि ज्या घरी पाहुण्यांसाठी शेजाऱ्यांकडून भांडी मागून आणतात, तिथे कुठलं भांडं कशाला हा घोळ व्हायचाच.

तो घोळ निस्तरायला मी संध्याकाळी प्रौढांचा वर्ग घेते. सराव नेहमीचाच: गाळलेली जागा आणि कंसात क्रियापद. फोन वाजला आणि तुम्ही उठलात, तर 'आय विल गेट इट', कारण ठरवलंत ते आत्ता. बेत आधीपासून मनात होता, तर 'आय ॲम गोइंग टू'. दातांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली असेल, तर सरळ 'आय ॲम सीइंग द डेंटिस्ट टुमॉरो'. आभाळ काळंकुट्ट भरून आलं तर 'इट इज गोइंग टू रेन', कारण पुरावा डोक्यावर आहे. आणि वेळापत्रकातली गोष्ट असेल तर साधा वर्तमानकाळ: डेक्कन क्वीन 'लीव्हज' पुणे. गाडी उशिरा सुटली तरी व्याकरण वेळेवरच असतं.

थोडक्यात, उद्याबद्दल तोंड उघडायच्या आधी इंग्रजी तुमची उलटतपासणी घेते. कधी ठरवलंत? कुणाशी बोललात? पुरावा काय? आपल्याला या चौकशीची सवय नाही. 'बघू' म्हटलं की आपल्याकडे विषयही संपतो आणि कुणाचं मनही दुखावत नाही.

वर्गातल्या एका काकूंना मुलाकडे न्यू जर्सीला जायचंय. त्यांनी वहीत लिहिलं, 'आय ॲम फ्लाइंग इन जून.'

"काकू, तिकीट काढलंय?"

"मुलगा काढतो म्हणालाय."

"मग अजून 'फ्लाइंग' नाही म्हणता येणार. फार तर 'गोइंग टू'."

"अहो मॅडम, तो म्हणालाय ना? काढलंच समजा!"

इथे माझी बोलती बंद झाली, कारण काकूंनी जे केलं ते कुठल्याच इंग्रजी तक्त्यात बसत नाही. मराठी माणूस भविष्याची खात्री द्यायला बेधडक भूतकाळ वापरतो. अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत 'आलोच' म्हणतो. पंख्याखाली लोळत फोनवर 'निघालो' सांगतो, आणि ऐकणाराही त्याला खोटारडा म्हणत नाही, मनातल्या मनात अर्धा तास मिळवतो.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची अडचण वेगळी. सोसायटीची टाकी साफ करायचा बेत ते सेक्रेटरी झाल्यापासून जाहीर करत आलेत. "बेत जुना आहे, म्हणजे 'गोइंग टू'च ना?" नियमाने बरोबर. पण मागच्या बाकावरून त्यांचेच शेजारी म्हणाले, "पुरावा लागतो, मॅडमनी सांगितलंय!"

पूर्ण भविष्यकाळ मात्र कुणालाच आवडत नाही. अजून न आलेल्या दिवसावर उभं राहून झालेल्या कामाकडे मागे वळून बघायचं, हा प्रकार सगळ्यांना अनैसर्गिक वाटतो. तो सहज वापरणारी एकच जमात मला ठाऊक आहे, बिल्डरांची. 'बाय दिवाळी वुई विल हॅव हॅन्डेड ओव्हर द फ्लॅट्स.' व्याकरण निर्दोष. कुठली दिवाळी, ते व्याकरणात येत नाही.

खरा छळ 'शॅल'चा. १६५३ साली जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि त्यात नियम घातला: 'आय', 'वुई' असेल तर 'शॅल' म्हणजे नुसतं भाकीत आणि 'विल' म्हणजे वचन किंवा धमकी, बाकीच्या कर्त्यांना नेमकं उलट. गणितातलं अनंताचं चिन्हही याच माणसाने रूढ केलं, तेव्हा पुढे किती काळ हा त्रास चालेल याची त्याला कल्पना असावी. १९०६ साली फाउलर बंधूंनी तर लिहून टाकलं की हे दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्यांना आपसूक जमतं, इतरांना शिकून जमणं कठीणच. तरी रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने ते आपल्या शाळांत पोचवलं. त्यातले रेन म्हणजे वाळवंटातल्या फ्रेंच पलटणीवर 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहिणारे तेच. माझ्या मते वाळवंट सोपं.

या नियमावरचा एक जुना विनोद सांगतात. बुडणारा परदेशी माणूस 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी' असं ओरडतो, आणि काठावरचे सभ्य इंग्रज त्याच्या निर्धाराचा मान राखून उभे राहतात. पण हाच नियम चर्चिलला लावून बघा. जून १९४० मधल्या त्या प्रसिद्ध भाषणात तो पुन्हा पुन्हा 'वुई शॅल' म्हणाला. वॉलिसच्या हिशेबाने ते फक्त हवामानाचा अंदाज ठरतं. १९४२ साली फिलिपिन्स सोडून ऑस्ट्रेलियात पोचलेला जनरल मॅकआर्थर 'आय शॅल रिटर्न' म्हणाला; तेही नुसतं भाकीत. जगाने दोन्ही प्रतिज्ञाच मानल्या, आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये मॅकआर्थर फिलिपिन्समधल्या लेतेच्या किनाऱ्यावर उतरलासुद्धा. तीनशे वर्षांचा नियम एका वाक्यापुढे टिकला नाही, याचं मला तरी दुःख नाही.

आता 'शॅल' उरलाय तो मुख्यतः 'शॅल वुई गो?'सारख्या प्रश्नांत आणि कायद्यात. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी संहितेत तो कलमाकलमांत भेटतो, आणि तिथे त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच, हे झालंच पाहिजे. तेव्हा परीक्षेत विचारलं तर वॉलिसचा नियम लिहून मार्क घ्या, बोलताना खुशाल 'विल' म्हणा. आणि काकूंना सांगितलं तेच तुम्हालाही सांगते, तिकीट हातात पडेपर्यंत 'आय ॲम फ्लाइंग' म्हणू नका.