मेंटेनन्सवाले बंधू

सुरतजवळ हजिऱ्याच्या एका कंपनीत बंधू मेंटेनन्सला आहेत, आणि देवाशी त्यांचं जे काही चालतं तेही त्याच खात्यामार्फत चालतं. नाव मंडळीच्या रजिस्टरात असेलच. इच्छापोरमध्ये त्यांना सगळे नुसतं बंधू म्हणतात. मूळचे नगर जिल्ह्यातले. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 साली सुरू झालं, ‘ज्ञानोदय’ निघाला 1842 साली, त्यामुळे तिकडच्या ख्रिस्ती माणसाच्या अंगात प्रार्थना भिनलेलीच असते, असा बाकीच्यांचा समज. पण बंधू पडले आयटीआयचे फिटर. आपलं प्रार्थना-जीवन सैल झालंय आणि ते आवळायला हवं, हे त्यांच्या बरोबर लक्षात आलं. तेव्हापासून ते आवळताहेत.

“बहुतेक लोक ब्रेकडाउन प्रार्थना करतात,” बंधू सांगतात. “मशीन बंद पडलं की धावत येतात. पोराची परीक्षा, सुनेचं बाळंतपण, बायोप्सी. अरे, पण प्रिव्हेंटिव्हचं काय? रोजचं ऑइलिंग?” समोरचा बिचारा बायोप्सीच्याच रिपोर्टसाठी प्रार्थना मागायला आलेला असतो. तो मान खाली घालतो आणि ऑइलिंग करीन म्हणतो.

बंधूंचं लॉगबुक मात्र खरोखर बघण्यासारखं आहे. लाल कापडी पुठ्ठ्याचं लांबट रजिस्टर. रकाने आखलेले: तारीख, कोणासाठी, विनंती, निकड, स्थिती. स्थितीच्या रकान्यात ‘ओपन’, ‘पेंडिंग’ नाहीतर ‘क्लोज्ड’. देव तीन प्रकारे उत्तर देतो – हो, नाही आणि थांब – असं पाळकसाहेब उपदेशात सांगतात. मंडळीतल्या एका मावशी गुडघा बदलायच्या रांगेत होत्या, तेव्हा बंधूंनी त्यात चौथा प्रकार घातला: ‘स्पेअर येणे बाकी’.

प्रार्थना कुठे करावी हा त्यांच्यापुढचा जुना प्रश्न. आपल्या खोलीत जावं, दार लावून घ्यावं, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं आहे. बंधूंच्या घरात खोली एक, स्वयंपाकघर एक आणि माणसं पाच. आतून कडी लागणारं दार फक्त न्हाणीघराचं. काही दिवस बंधूंनी ते वापरून पाहिलं. पहाटे आतून स्तुती आणि बाहेरून थापा, अशी उपासना चाले. थोरल्याची कॉलेजची बस दोनदा चुकली तेव्हा वहिनी म्हणाल्या, “अहो, येशू पहाटे उठून घराबाहेर जायचा. तेवढं तरी करा.” हे मार्काच्या पहिल्याच अध्यायात असल्यामुळे बंधूंना उत्तर देता आलं नाही. ते धाब्यावर गेले.

धाब्यावर पाण्याच्या टाकीशेजारी त्यांनी गोणपाट अंथरलं. पश्चिमेला हजिऱ्याचे दिवे, खाली सुरत-हजिरा रस्ता. या रस्त्यावर रात्र अशी नसतेच. पोलादी कॉइलचे ट्रेलर, गॅसचे टँकर, शिफ्टच्या बसेस, आणि प्रत्येकाला आपला हॉर्न आवडलेला. बंधू गुडघे टेकून हळू आवाजात सुरुवात करत. एक ट्रेलर गेला की आवाज चढे, तो पुढच्या ट्रेलरपर्यंत उतरत नसे. पंधरा मिनिटांत ते देवाशी शॉप-फ्लोअरवरच्या आवाजात बोलू लागत.

आता बंधूंचं एक तत्त्व असं की ज्याची विनंती त्याच्या भाषेत पोचवावी. मधे भाषांतराचा घोळ नको. मराठी माणसासाठी मराठीत, ओडिया पोरांसाठी मोडक्या हिंदीत आणि शेजारच्या बांसाठी गुजरातीत. बांचा धाबा लागूनच. पहाटे दातण करत असताना त्यांनी आपल्या गुडघ्याचं दुखणं साऱ्या आसमंतात घुमताना ऐकलं, आणि सकाळी त्या दारात.

“मारा ढींचणनी वात तमे कोने करी?”

बंधूंनी भक्तिभावाने वर बोट दाखवलं.

“उपरवाळा बिहारी छोकराओने?” बा कडाडल्या.

खुलासा व्हायला चहाचे दोन कप लागले. शेवटी वहिनींनी लॉगबुकच आणून दाखवलं. आपलं नाव, आपलं ढींचण आणि निकडीच्या रकान्यात ‘मध्यम’ हे पाहून बा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मध्यम केम? बहु दुखे छे.” बंधूंनी तिथल्या तिथे ‘तातडीचे’ केलं. तेव्हापासून दर सोमवारी बा कठड्यावरून विचारतात, “मारा ढींचणनुं शुं थयुं?” कंपनीत बंधूंच्या कामाचं ऑडिट वर्षातून एकदा होतं.

प्रार्थनेवरची पुस्तकं बंधूंकडे एवढी आहेत की ती वाचण्यातच प्रार्थनेची वेळ निघून जाते. त्यातून ते थोरांचे दाखले देतात. सुझाना वेस्लीचा त्यांचा विशेष लाडका. एकोणीस बाळंतपणं झालेली बाई. प्रार्थनेला जागा मिळेना तेव्हा एप्रन डोक्यावर ओढून बसे, आणि आता आईला हाक मारायची नाही हे पोरांना कळे. हे वहिनींनी इतक्यांदा ऐकलं की एका दुपारी पोळ्या आटोपून त्या खरंच पदर डोक्यावर ओढून कोपऱ्यात बसल्या. बंधू आत आले, थबकले आणि काळजीने म्हणाले, “डोकं दुखतंय का? चहा टाकू?” मग थोडं थांबून, “की तूच टाकतेस?”

दुसरा दाखला ल्यूथरच्या न्हाव्याचा. विटेनबर्गच्या पेटर न्हाव्याने विचारलं, प्रार्थना कशी करावी? ल्यूथरने 1535 साली त्याच्यासाठी एक छोटं पुस्तकच लिहिलं. त्यात म्हटलंय, न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावर असतं; गप्पा मारत इकडेतिकडे बघत बसला तर गिऱ्हाइकाचं नाक जाईल. प्रार्थनेतही लक्ष तसंच हवं. बंधू हे सांगताना स्वतःचं नाक धरून दाखवतात. याच पेटरने त्याच वर्षी जेवणाच्या टेबलावर आपल्या जावयाला भोसकून मारलं, हे मी एकदा सांगितलं. पुस्तकाने प्रार्थना-जीवन बळकट होतं या सिद्धान्ताला तो जरा धक्काच होता. बंधू विचारात पडले. मग म्हणाले, “पुस्तक दिलं, पण फॉलो-अप कुठे घेतला?”

घरोघरी होणाऱ्या कॉटेज मीटिंगमध्ये बंधूंना प्रार्थनेला उभं केलं की जाणते लोक आधी टेकायला भिंत शोधतात. बंधू विश्वनिर्मितीपासून निघतात. मग राष्ट्रं, राज्यकर्ते, सीमेवरचे जवान, गुजरात राज्य, सुरत शहर, तापी नदी. तापीशी ते हमखास थांबतात, कारण 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं तेव्हा इथं घराघरांत पुराचं पाणी होतं आणि त्या रात्री इच्छापोरमध्ये कोणालाच प्रार्थना लांबवावी लागली नव्हती. तिथून हजिरा, मग ही गल्ली. ज्या आजारी माणसासाठी जमलो तो शेवटी येतो. बरं, देवाला ते बातम्याही देतात: “हे प्रभू, तुला ठाऊकच आहे, काल संध्याकाळी सहा वाजता आमचे बंधू स्कूटरवरून येत असता इच्छापोर त्रण रस्त्यावर...” ठाऊक आहे तर सांगता कशाला, असं मनात येतं, पण आम्हालाच ठाऊक नसल्यामुळे आम्ही ऐकतो. कधी त्यातूनच सूचना निघतात: “आणि प्रभू, येत्या रविवारी उपासना नऊला सुरू होते हे उशिरा येणाऱ्यांच्या अंतःकरणात घाल.” एक गुजराती बंधू दर वेळी कानाशी लागून थोडक्यात आटपायला सांगतात, “टूंकी राखजो हं, कंपनीनी बस छे.” प्रेषित पौलाचं बोलणं लांबलं तेव्हा त्रोवसात युतुख नावाचा तरुण खिडकीत पेंगून तिसऱ्या मजल्यावरून पडला होता. आमच्या मीटिंगा तळमजल्यावर असतात.

मोरावियन लोकांनी जर्मनीत हर्नहूटला 1727 साली साखळी प्रार्थना सुरू केली आणि ती शंभराहून अधिक वर्षं चालली, हे वाचल्यावर बंधू झपाटले. एका दिवसाची तरी साखळी इच्छापोरमध्ये झालीच पाहिजे. तक्ता लागला. चोवीस माणसं, एकेक तास. आपलं झालं की पुढच्याला फोन करून उठवायचं. बंधूंनी पहाटे तीनचा तास स्वतःकडे घेतला. त्या रात्री त्यांना फोन आला नाही आणि ते सहापर्यंत घोरत राहिले. शरमेने चौकशी केली नाही. रविवारी एकामागून एक साक्षी झाल्या: काय आशीर्वादाची रात्र होती, काय सामर्थ्य होतं! बंधूंनीही साक्ष दिली. पुढे कधीतरी, साखळी रात्री दहालाच तुटल्याचं निघालं. त्यानंतर कोणालाच फोन गेला नव्हता. सगळी मंडळी शांत झोपली होती. आशीर्वादाची रात्र होती यात काही खोटं नव्हतं.

हे असं लिहिल्याबद्दल कोणी रागावू नये. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी ख्रिस्ती घरांना आपल्या भक्तांवर प्रेमाने हसायची मुभा कायमची देऊन ठेवली आहे. आणि बंधूंवर हसणाऱ्यांत बांचा नंबर आमच्याही आधी लागतो.

एकदा बंधू त्यांना प्रार्थनेचं सामर्थ्य सांगत होते. 1664 साली शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, शहर लुटलं गेलं, पण कॅपुचिन फादर अँब्रोझ यांच्या मठाला महाराजांनी हात लावू दिला नाही. हे पाद्री भले लोक आहेत, असं ते म्हणाल्याचं बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय. मराठी आणि ख्रिस्ती अशा दोन्ही अभिमानांना एकाच वेळी पुरणारी एवढी एकच गोष्ट सुरतेत घडलेली असल्यामुळे बंधू ती सोडत नाहीत. “प्रार्थनेचं बळ, बा!” बांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “अने जे लूंटाया, ए लोकोए प्रार्थना नहोती करी?” लुटले गेले त्यांनी काय प्रार्थना केली नसेल? बंधूंनी उत्तर दिलं नाही. त्या रात्री लॉगबुकात ‘विनंती’च्या रकान्यात एवढंच लिहिलं: ‘बांच्या प्रश्नाचे उत्तर. ओपन.’

आणि मग गेल्या पावसाळ्यानंतर एका सोमवारी बा कठड्यावरून हाक मारायच्या ऐवजी जिना चढून बंधूंच्याच धाब्यावर आल्या. काठी नाही, धाप नाही. “मटी गयुं!” म्हणाल्या. दुखणं गेलं.

बंधू उभे राहिले. वर्षभर रोज ज्यासाठी घसा फोडला ते समोर दोन पायांवर उभं होतं. त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा: “कोणत्या डॉक्टरचं औषध?”

प्रेषितांच्या कृत्यांत असंच आहे. पेत्र तुरुंगात, मंडळी घरात बसून त्याच्या सुटकेसाठी प्रार्थना करते आहे. पेत्र सुटतो, येऊन दार ठोठावतो. रोदा नावाची पोर आनंदाने सांगायला धावते, तर प्रार्थना करणारेच तिला म्हणतात, वेड लागलंय तुला. पेत्र बाहेर ठोकतोय आणि आत प्रार्थना चालू. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरात बंधूंना नक्की जागा मिळाली असती.

बांनी डॉक्टरचं नाव सांगितलं नाही. महानारायण तेलाची बाटली तेवढी बंधूंच्या हातात दिली. “आ तमे राखो. तमारा ढींचण जुओ.” सिमेंटवर गोणपाट घालून टेकून टेकून बंधूंचेच गुडघे गेले होते, जिन्याची कडा धरून ते कसे उतरतात हे बा रोज बघत होत्या. बंधूंनी बाटली घेतली आणि स्थितीच्या रकान्यात लिहिलं, ‘क्लोज्ड (निरीक्षणाखाली)’.

आता परिस्थिती अशी आहे की बांनी ही गोष्ट सोसायटीभर केली. हिऱ्यांच्या धंद्यातली मंदी सुरतेत घरोघरी शिरलेली. कोणाचा भाचा रत्नकलाकार, काम सुटलेलं, कोणाच्या घराचा हप्ता थकलेला. वरच्या मजल्यावरच्या बिहारी पोरांपैकी एकाच्या आईचं ऑपरेशन गावाकडे. सगळे बंधूंकडे येतात. नाव लिहिलं की ते माणूस बंधूंच्या मागेच लागतं: सुट्टीच्या दिवशी बंधू त्या भाच्याला घेऊन गेटावर कंत्राटदार गाठायला उभे, दुपारी बँकेत. पुस्तकं वाचायला वेळ नाही. नवा तक्ता करायला वेळ नाही. पहाटे धाब्यावर नुसती नावं वाचली तरी उजाडतं, त्यामुळे विश्वनिर्मिती, राष्ट्रं आणि राज्यकर्ते तूर्त वगळावे लागले आहेत. “प्रार्थना-जीवनाची पार वाट लागली,” बंधू परवा मला म्हणाले. ते खरोखर दुःखी होते.

मग त्यांनी लॉगबुक माझ्यापुढे टाकलं. “तू रात्री उशिरापर्यंत जागाच असतोस. जुनी पानं तू घे. जे वर्षानुवर्षं ओपन आहे ते.” मी पहिलं पान उघडलं. पहिलीच नोंद, त्यांच्याच जुन्या, ताठ अक्षरातली. कोणासाठी: स्वतः. विनंती: प्रार्थनेत सातत्य. निकड: तातडीची. स्थितीच्या रकान्यात इतक्यांदा खोडलं होतं की कागद झिजला होता, आणि त्याच्या बाजूला समासात, अगदी अलीकडच्या शाईने लिहिलं होतं: ‘वेळ मिळाल्यावर बघू.’